समतोल कोणाचा? ऐतिहासिक युद्धपटांतील नियमबदल आणि माहुलीचा वेढा

ऐतिहासिक युद्धावर आधारलेला, पाळीपाळीने चाली करावयाचा खेळ रचणाऱ्यास एकाच वेळी दोन मागण्या पुऱ्या कराव्या लागतात. पटावर बसलेल्या दोघांनाही विजयाची वाजवी आशा असली पाहिजे, ही पहिली. आणि जे घडले त्यामागील कारणे पटावर प्रत्ययास आली पाहिजेत, ही दुसरी. खेळ प्रकाशित होण्यापूर्वी तो पुन्हा पुन्हा खेळून पाहिला जातो. या चाचणीत एक बाजू सतत हरू लागली की नियम बदलले जातात. या बदलांची चर्चा बहुधा तांत्रिक अंगानेच होते. वस्तुतः प्रत्येक बदल हे इतिहासाविषयीचे विधान असते आणि त्याची तपासणी इतिहासाच्याच कसोट्यांवर व्हावयास हवी. शहापूर तालुक्यातील माहुली किल्ल्याचा १६३६ चा वेढा हा अशा तपासणीसाठी उपयुक्त नमुना आहे.

समतोलाच्या दोन कल्पना आपल्याकडे फार पूर्वीपासून परिचित आहेत. बुद्धिबळात दोन्ही सैन्ये सारखी असतात. तेथे समतोल हा आरंभीच्या मांडणीतच असतो. वाघ-बकरीच्या पटावर मात्र मोजके वाघ आणि पुष्कळ बकऱ्या. वाघ मारून जिंकतो, बकऱ्या कोंडून जिंकतात. दोन्ही बाजूंचे बळ विषम, चाली निराळ्या आणि विजयाची व्याख्याही निराळी. तरीही डाव रंगतो. खडूने फरशीवर आखल्या जाणाऱ्या या खेळाकडे अभ्यासकांनी करमणूक म्हणूनच पाहिले. पण ऐतिहासिक युद्धपटाचा खरा पूर्वज बुद्धिबळापेक्षा वाघ-बकरीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल, कारण इतिहासातील बहुतेक युद्धे विषम बळांचीच होती.

आधुनिक युद्धपटाची परंपरा मात्र वेगळ्या वाटेने आली. प्रशियाच्या सैन्यातील रायस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या क्रीगस्पीलचे नियम प्रसिद्ध केले. त्यात नकाशा, फासे, हानीची कोष्टके व निवाडा देणारा पंच होता. कोष्टकांचा भार वाढत गेल्यावर १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्न्वा याने पंचाच्या अनुभवास प्राधान्य देणारी मोकळी पद्धत पुढे आणली. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांचा ‘टॅक्टिक्स’ हा खेळ १९५४ मध्ये आला आणि दोन्ही बाजूंच्या बळाचे गुणोत्तर काढून, फासा टाकून कोष्टकात निकाल पाहण्याची रीत घराघरांत पोहोचली. संगणकाने पुढे हेच गणित पडद्यामागे नेले. या पद्धतीत असमतोल दिसला की हात सर्वप्रथम जातो तो सैन्याच्या आकड्याकडे. दोष येथेच सुरू होतो.

माहुलीचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडल्यावर शहाजीराजांनी मूर्तझा या अल्पवयीन निजामशहास गादीवर बसवून राज्य सावरण्याचा यत्न केला. १६३६ च्या आरंभी शाहजहान स्वतः दख्खनेत आला. मे महिन्यात त्याचा आदिलशहाशी तह झाला आणि शहाजीराजांचा संभाव्य आधार शत्रुपक्षास मिळाला. मागे खानजमानचे मोगल सैन्य, त्याच्या जोडीला रणदुल्लाखानाचे विजापुरी सैन्य. घाट उतरून कोकणात आल्यावर पोर्तुगीजांकडे मागितलेला आश्रय मिळाला नाही. अखेर माहुलीवर वेढा पडला आणि ऑक्टोबरमध्ये शहाजीराजांनी तह स्वीकारला. बालनिजामशहा मोगलांच्या स्वाधीन झाला, निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत गेले.

हा वेढा पटावर जसाच्या तसा मांडल्यास गडावरील बाजू जवळजवळ प्रत्येक वेळी हरेल. अशा वेळी गडावरील शिबंदी वाढवावी, धान्याचा साठा दुप्पट करावा अथवा खानजमानाची एक तुकडी कमी करावी, असे उपाय चाचणीकारांना सुचतील. तिन्ही उपायांनी डाव बरोबरीचा होईल. पण तो माहुलीचा राहणार नाही. शहाजीराजांपुढील प्रश्न लढाई जिंकण्याचा नव्हताच. काय राखावयाचे आणि काय सोडावयाचे, हा तो प्रश्न होता: निजामशाहीचे नाव, गादीवरील मूल, पुणे-सुप्याची जहागीर, पदरची माणसे, स्वतःचा जीव. तहात जुन्नर, त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन ही स्थळे गेली, निजामशहा गेला. स्वतः राजे मात्र आदिलशाहीत मानाच्या जागी राहिले. गडावरील खेळाडूचे गुण या राखलेल्या गोष्टींवर मोजले, तर सैन्याचा एकही आकडा न बदलता समतोल साधता येतो. उशिरा तह केला तर अटी कठीण, फार लवकर केला तर निजामशाहीचा शेवटचा डाव न खेळताच सोडल्यासारखे. अशा पटावर शरणागतीची वेळ निवडणे हीच सर्वांत महत्त्वाची चाल ठरते. रणदुल्लाखानाची मध्यस्थी हीदेखील तेव्हा शोभेची घटना राहत नाही.

दुसरा मुद्दा पाळीच्या कालावधीचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ या संगणकीय खेळात मोहिमेचा भाग पाळीपाळीने चालतो, वर्षाला दोन पाळ्या असतात आणि १७०० पासून मराठ्यांची बाजू खेळता येते. (रचनाकारांनी तिला ‘कॉन्फेडरसी’ म्हटले आहे, राजाराम महाराज ज्या वर्षी निवर्तले आणि सातारा औरंगजेबाच्या हाती गेला, त्या वर्षी असा सरदारसंघ अस्तित्वातच नव्हता.) जगभराचा पट मांडताना सहा महिन्यांची पाळी सोयीची असेल. शहापूर-मुरबाडच्या भूमीवर मात्र ती लागू पडत नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने येथे युद्धाचे सारे गणित पालटते. पावसात गडावरील टाकी भरतात, पायथ्याच्या छावणीत दारू भिजते, जनावरे चिखलात रुततात. पण गडावर धान्य काही उगवत नाही. पाऊस सरला की वेढा घालणाऱ्याचे पारडे पुन्हा जड होते. तहाचा महिना ऑक्टोबर होता, हे येथे लक्षात घ्यावे. पाळी महिन्याची केली की हा चढउतार आपोआप पटावर येतो. सहा महिन्यांची ठेवली की तो बुजतो आणि मग त्याची भरपाई कृत्रिम गुणांकांनी करावी लागते.

नकाशाबाबतही तेच. मुरबाड तालुक्यातून सह्याद्री चढणारे नाणेघाट आणि माळशेज हे मार्ग, नाणेघाटाच्या माथ्यावरील जीवधन, माळशेजच्या पाठीमागचा हरिश्चंद्रगड यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय तहातील किल्ल्यांच्या यादीचा अर्थ लागत नाही. ज्याच्याकडे घाटमाथा, त्याच्याकडे कोकणाची किल्ली. षट्कोनी घरांच्या नकाशावर डोंगराच्या घरात शिरण्यास दुप्पट चाल मोजली जाते. पण सह्याद्रीची धार ही ‘अवघड जमीन’ नसून भिंत आहे आणि तिला मोजकीच दारे आहेत. लादलेला बैल जेथून जातो ती वाट वेगळी, पायी माणूस जेथून चढतो ती वेगळी. या दुसऱ्या वाटा ज्यांना ठाऊक, त्या ठाकूर, महादेव कोळी, कातकरी समाजांसाठी पटावर सोंगटी नसते. चाचणीत कोकणातील खेळाडू अडकून पडतो म्हणून त्याची गती वाढविणे सोपे. अडकून पडणे हीच १६३६ ची वस्तुस्थिती होती, हे मान्य करणे कठीण.

अर्थात चाचणीकारांच्या तक्रारी दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. निकाल आधीच ठरलेला खेळ कोणी दुसऱ्यांदा खेळत नाही. यावर युद्धपटांच्या जगात रूढ असलेला बोलीचा उपाय विचारार्ह आहे: बलवान बाजू हवी असलेल्या खेळाडूने काही गुण सोडण्याची बोली लावावी. त्यात इतिहासाला हात न लावता खेळाडूंमधील न्याय साधतो. २०२४ मध्ये जीएमटी गेम्सने प्रकाशित केलेल्या ‘विजयनगर: द डेक्कन एम्पायर्स ऑफ मिडिएव्हल इंडिया, १२९०-१३९८’ या पटावर दिल्ली, बहमनी व विजयनगर या तीन पक्षांची साधने व उद्दिष्टे मुळातच भिन्न ठेवली आहेत. दख्खनच्या इतिहासासाठी हीच दिशा अधिक फलदायी दिसते.

नियमबदलाची खरी कसोटी मात्र याच किल्ल्याच्या पुढील इतिहासात आहे. १६५८ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला माहुली १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या २३ किल्ल्यांबरोबर मोगलांकडे गेला. फेब्रुवारी १६७० मध्ये मराठ्यांचा हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवला आणि मराठ्यांची मोठी हानी झाली. त्यानंतर मनोहरदासाने किल्लेदारी सोडली, त्याच्या जागी अलावर्दी बेग आला आणि १६ जूनला मोरोपंतांनी गड घेतला. तट तोच, चढ तोच, हल्ला करणारेही तेच. चार महिन्यांत बदलला तो गडाचा किल्लेदार. गुणोत्तराच्या कोष्टकात या बदलाला घर नाही. फेब्रुवारीचा पराभव आणि जूनचा विजय हे दोन्ही निकाल तटाच्या वा शिबंदीच्या आकड्यांत फेरफार न करता ज्या नियमांतून निघू शकतील, त्या नियमांवर चाचणीकारांनी वेळ खर्च करावयास हवा.