चित्राखालची ओळ

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सुरुवात एका चित्रापासून करू. पडद्यावर बघा. भांगपाडी मैना आहे, बोरीच्या फांदीवर बसलेली. चित्र १७७७ सालचं, कोलकात्यात काढलेलं. चित्रकार शेख झैनुद्दीन, मूळचे पाटण्याचे. आज हे चित्र अमेरिकेत, मिनिआपोलिसच्या कलासंग्रहालयात आहे.

आता मैनेवरून नजर जरा बाजूला घ्या. दोन पतंग दिसतील, एक अळी, एक कोश. टसर रेशीम देणाऱ्या किड्याची जी प्रजाती, त्यातलेच हे. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीत ज्याला कोसा म्हणतात, तो. तिकडे या अळ्या ऐनाच्या झाडावर वाढवतात, पण बोरीचा पालाही त्यांना चालतो. म्हणजे ही फांदी शोभेची नाही. अळीचं अन्न, अळी, कोश आणि पतंग, सगळं एका कागदावर आलंय. कोसा पिकवणारा माणूस हे चित्र उभ्या उभ्या वाचेल. आपण मात्र 'वा, काय रंग!' म्हणतो आणि पुढच्या चौकटीकडे जातो.

आजचा मुद्दा एवढाच आहे. निसर्गाची शास्त्रीय चित्रं प्रदर्शनात येतात तेव्हा त्यांच्यातलं काय भिंतीवर पोचतं आणि काय वाटेत गळतं?

थोडी पार्श्वभूमी सांगते. कोलकात्याच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश एलायजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी पशुपक्षी पाळले होते. त्यांची चित्रं काढायला तीन चित्रकार होते : झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. १७७७ ते १७८२ या काळात तीनशेहून जास्त चित्रं झाली. कागद विलायती, हात मुघल परंपरेत तयार झालेला. पुढे १८१० मध्ये लंडनला लिलाव झाला आणि हा संग्रह पांगला.

ही चित्रं नुसती दिवाणखान्यात लावायला नव्हती. जॉन लेथम या पक्षीशास्त्रज्ञाने आपल्या वर्णनांसाठी त्यांचा उपयोग केला. त्याच लेथमने १७९० मध्ये हिमालयातल्या मोनालला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'इम्पी' आहे. पक्षी पाळणाऱ्या बाईंचं नाव जातीला मिळालं. पिसन्‌पिस मोजून कागदावर उतरवणाऱ्याचं नाव कुठल्या पक्ष्याला मिळाल्याचं मला तरी माहीत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये विल्यम डॅलरिंपल यांनी या आणि अशा चित्रकारांचं मोठं प्रदर्शन मांडलं. नाव, 'फरगॉटन मास्टर्स'. ते मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, म्हणून मांडणीबद्दल बोलत नाही. शीर्षकाबद्दल बोलते. एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू : ज्यांना सरसकट 'कंपनी शैली' या पोत्यात भरलं जायचं, त्यांना त्यांची नावं परत मिळाली. हे काम मोठं आहे.

पण 'विसरलेले' म्हणजे कोणी विसरलेले? झैनुद्दीनचं नाव चित्रांवर फारसीत लिहिलेलं आहे, पहिल्या दिवसापासून. अभ्यासकांना ते ठाऊकही होतं. ते विसरलं गेलं नव्हतं, बहुतेकांनी वाचलं नव्हतं, बस्स. आणि 'मास्टर' या शब्दाबरोबर एक मोजपट्टीही येते : रेषा, झळाळी, रचना. त्या पट्टीवर मैना पहिली येते. अळी आणि कोश कोपऱ्यात राहतात.

आता याच्या उलट उदाहरण, तेही आपल्या पुण्याजवळचं. दापोडी. इंग्रजांच्या कागदात दापुरी. तिथे मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती आणि अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती एडिंबरोच्या वनस्पति उद्यानात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर पुस्तक केलं. कुठली वनस्पती, कुठली बाग, कोणाच्या सांगण्यावरून, हे सगळं कळतं. चित्रकार? 'पोर्तुगीज-भारतीय', एवढंच. नाव नाही.

बघा हं, कलादालनात माणूस सापडतो आणि विज्ञान पुसट होतं. वनस्पतींच्या दप्तरात विज्ञान नीट राहतं आणि माणूस जातो. दोन्ही ठिकाणी अर्धं चित्र.

कोणी म्हणेल, सुंदर आहे, तेवढं पुरे नाही का? मलाही चित्र आधी सुंदर म्हणूनच आवडतं. पण हे सौंदर्य आलं कुठून? खोटं काढायचं नाही, या अटीतून. पाकळ्या पाच असतील तर पाचच. सुकलेल्या नमुन्याचा रंग उडालेला असतो, म्हणून जिवंत फूल कोमेजायच्या आत रंग पकडायचा. एका झाडाचं पान किडलेलं असेल तर चार झाडं बघून त्या जातीचं पान काढायचं. अट काढून घेतली तर उरतं ते भेटकार्ड.

माझ्या ओळखीच्या एका चित्रकर्तीने सह्याद्रीतल्या एका तेरड्याचं चित्र काढलं होतं. तेरड्याच्या जाती ओळखताना फुलाचे बारीक भाग बघावे लागतात, फुलामागची ती सोंडेसारखी नळीसुद्धा. म्हणून तिने खाली ते भाग सुटे करून, मोठे करून काढले होते. शेजारी मापाची रेघ. प्रदर्शनात चित्र लागलं तेव्हा माउंटखाली ती खालची पट्टी झाकलेली! कारण काय, तर 'ते जरा पाठ्यपुस्तकासारखं दिसतं.' चित्र विकलं गेलं. ती मला म्हणाली, "ताई, तेरडा विकला गेला, पण कुठला ते आता कोणाला कळणार नाही."

म्हणून भिंतीवर तीन गोष्टी लिहा, फार नाही : काढलं कोणी, कुठला नमुना समोर ठेवून आणि किती पट. जमलं तर शेजारी सुकवलेला नमुना आणि एक भिंग ठेवा. लोकांना कळत नाही असं म्हणू नका. भिंग ठेवलं की लहान मुलं सगळ्यात आधी तिथेच वाकतात.

आणि आपण, बघणाऱ्यांनी, पुढच्या वेळी चित्राखालची ओळ वाचूया. ती नसेल तर दारातल्या वहीत 'छान' लिहिण्याऐवजी 'नाव कुठंय?' असं लिहूया.

आता प्रश्न घेऊ.