कर्ता कोठे गेला? : शासकीय मराठीची वाक्यरचना आणि परभणीचे प्रकरण

शासकीय मराठीची चिकित्सा आजवर झाली ती बहुतांशी शब्दांपुरती. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली ‘पदनाम कोश’ निघाला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले ते पुढे सर्वांच्या तोंडी राहिले. संस्कृत नामे जड झाली, लोकांना कळेनाशी झाली, हा आक्षेप खोटा नव्हता. परंतु नामांच्या या वादात क्रियापदांकडे कोणाचे लक्ष गेले नाही, ही गोष्ट आज खटकते. अवघड शब्द सवयीने सोपा होतो. ‘जिल्हाधिकारी’ हा शब्द आता परभणीच्या बाजारातही कोणास अडखळवीत नाही. उलट ‘करण्यात येईल’ ही शब्दसंहती पहिल्या दिवसापासून सोपी होती, आणि माझ्या मते शासकीय मराठीने केलेले खरे नुकसान तिच्या पोटात आहे.

मराठीचा मूळचा कर्मणि प्रयोग कर्त्याला लपवीत नाही, ही गोष्ट आधी ध्यानी घेतली पाहिजे. ‘रामाने रावण मारला’ या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. तथापि कर्ता तृतीयेत का होईना, वाक्यात हजर असतो. ‘शिपायाने काठी मारली’ यातून ‘शिपायाने’ काढून पाहा : ‘काठी मारली’ एवढे ऐकताच ऐकणारा ‘कोणी?’ असे विचारल्यावाचून राहणार नाही. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचार किती विस्ताराने आला आहे हे अभ्यासकांस ठाऊकच आहे. इंग्रजीच्या वळणावर ‘रावण रामाकडून मारला गेला’ अशी रचना रूढ झाली तेव्हा वैयाकरणांनी तिला ‘नवीन कर्मणि’ असे वेगळे नाव दिले. ‘लाठीमार करण्यात आला’ ही रचना याही पुढची होय. तिला ‘पोलिसांकडून’ असे शेपूट जोडता येते; परंतु जोडले नाही तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे होते, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर ‘कोणी?’ हा प्रश्न येत नाही. ‘उजाडले’, ‘सांजावले’ या अकर्तृक क्रियापदांच्या पंक्तीला लाठीमार जाऊन बसतो. सूर्य उगवावा तशी काठी पडते.

हा विचार कोरडा वाटू नये म्हणून एक प्रकरण घेऊ. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका इसमाने विटंबना केली. दुसऱ्या दिवशी शहरात बंद पाळला गेला, त्यास हिंसक वळण लागले, आणि पोलिसांनी आंबेडकरी वस्त्यांत शिरून धरपकड केली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा विधिशाखेचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. छत्रपती संभाजीनगर येथील शवविच्छेदनाच्या प्राथमिक अभिप्रायात डॉक्टरांनी अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदविले. २० डिसेंबर रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नागपूर अधिवेशनात निवेदन केले : मारहाण झाली नसल्याचे मृताने स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे सांगितले होते, चित्रीकरणात छळाचा पुरावा दिसत नाही, आणि त्याला श्वसनाचा विकार होता. त्याच निवेदनात त्यांनी न्यायालयीन चौकशीची घोषणाही केली.

या निवेदनाच्या खरेखोटेपणाचा निवाडा न्यायालयांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने पाहावयाचे ते त्याच्या रचनेकडे. तिच्यात बोलणारा मृत आहे, आजारी असणारा मृत आहे. विटंबना करणारा इसम आहे, आणि तोही मनोरुग्ण असल्याचे डॉक्टरांचे मत सभागृहापुढे आले. म्हणजे कर्ते आहेत, आणि ते सारे नागरिक आहेत. कोठडीची चावी ज्यांच्या हाती होती ते या कथनात कर्त्याच्या स्थानी क्वचितच येतात. मुख्यमंत्र्यांनी हे हेतुपुरस्सर केले असे मी म्हणत नाही. खात्याच्या टिपणातून आलेली भाषा खात्याच्या सवयीनेच बोलते, आणि ही सवय कोणत्याही एका सरकारची नव्हे. दंगलीनंतरची कोणतीही जुनी शासकीय टिपणे चाळावीत. जमावाने दगडफेक ‘केली’, समाजकंटकांनी जाळपोळ ‘केली’; नंतर अश्रुधूर ‘सोडण्यात आला’, लाठीमार ‘करण्यात आला’, परिस्थिती नियंत्रणात ‘आणण्यात आली’. नागरिक कर्तरी वा जुन्या कर्मणि प्रयोगात वावरतो, शासन ‘करण्यात येणे’त.

कायद्याने मात्र या व्याकरणाला अनेकदा छेद दिला आहे, आणि ही बाजू आपल्या विद्यार्थ्यांना सहसा शिकविली जात नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घालून दिलेल्या निर्देशांत पहिलाच असा की, अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव आणि पद स्पष्ट दिसेल अशी पट्टी असावी. तो निर्देश पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आला. कर्त्याने आपले नाव छातीवर लावून वाक्यात उभे राहावे, असा त्याचा अर्थ मी लावतो. याच संहितेच्या कलम १९६ प्रमाणे कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावयाची असते. परभणीच्या प्रकरणात तशी चौकशी झाली आणि दंडाधिकाऱ्यांनी पोलिसांना जबाबदार धरले. पण चौकशीनंतर पुढचे पाऊल कोणी टाकावयाचे, याविषयी कायदा मुका होता, आणि मृताच्या आईने उच्च न्यायालयात जो प्रश्न नेला त्यातील एक भाग हाच होता. तिच्या वतीने प्रकाश आंबेडकर उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी, आईच्या तक्रारीवरून एका आठवड्यात गुन्हा नोंदवावा, असा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने ३० जुलै रोजी सरकारचे म्हणणे फेटाळले. मृत्यूनंतर साडेसात महिन्यांनी जे मिळाले ते एवढेच की, ‘मृत्यू झाला’ या वाक्याऐवजी ‘कोणी मारले काय?’ हा प्रश्न अधिकृतपणे विचारता येऊ लागला. शिक्षेची गोष्ट अद्याप दूर आहे. प्रश्नाचे वाक्य शुद्ध करून घेण्यासाठी एका आईला दोन न्यायालये चढावी लागली, ही या प्रकरणाची मला सर्वांत बोचणारी बाजू वाटते.

द्वेषमूलक गुन्हा असे स्वतंत्र प्रकरण भारतीय दंडविधानात नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारा कायदा म्हणजे १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम. त्याचे कलम ४ कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ती कर्तव्ये एकेक करून सांगितली : तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीस वाचून दाखवावी, नोंद करावी, प्रत द्यावी. ‘वाचून दाखवावी’ या क्रियापदाला कर्ता असल्यावाचून चालत नाही; कोणीतरी हाडामांसाचा माणूस तेथे बसला पाहिजे. तथापि त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकाने प्रशासकीय चौकशीची शिफारस ही पूर्वअट घातली, आणि पुढच्या दाराने आलेला कर्ता मागच्या दाराने निसटण्याची सोय राहिली. १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने तीन महिन्यांतून एकदा, आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, बैठक घ्यावयाची असते. कायद्याने येथे अध्यक्षाचे पद आणि महिनासुद्धा सांगितला आहे. बैठक झाली नाही तर उत्तर कोणी द्यावयाचे, हे वाक्य तेवढे अपुरे राहिले.

हेच व्याकरण जमिनीच्या व्यवहारात कसे चालते हे मराठवाड्यात अधिक स्पष्ट दिसते, कारण येथे गायरानाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. गावच्या दफ्तरात नमुना १-ई नावाची नोंदवही असते. अतिक्रमण करणाराचे नाव, क्षेत्र, वर्ष, सारे तिच्यात येते. भूमिहीन दलित कुटुंबाने दोन एकर पडीक गायरान वहितीस आणले की ते तिच्यात कर्ता म्हणून प्रविष्ट होते. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या भूमिसत्याग्रहापासून एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानापर्यंत या जमिनीसाठी लढे झाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे ‘नियमानुकूल’ करण्याचे ठरविले. ज्या तलाठ्याने वा तहसीलदाराने तो अर्ज वर्षानुवर्षे निकालात काढला नाही, त्याच्या नावाची नोंद घेणारा नमुना मात्र दफ्तरात नाही. जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीनांना व अनुसूचित जातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्यातच सांगितला होता. अपवादाचा लाभ ज्याला मिळावयाचा तो कागदाअभावी पुन्हा ‘अतिक्रमणधारक’ ठरतो. गावची चराई राखणे आणि भूमिहीनाचे पोट राखणे यांतला झगडा खरा आहे, तो मी लहान करीत नाही. पण एका पक्षाचे नाव वहीत आहे आणि दुसऱ्याचे कोठेच नाही, तेव्हा तो झगडा समान राहत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कार्यालय व्यक्तिनिरपेक्ष असावे, हुकूम माणसाचा नसून पदाचा असावा, ही आधुनिक राज्याची कमाई होय. १९४८ पूर्वी निजामाच्या अमलात एका माणसाची मर्जी म्हणजेच राज्य होते, ते ज्यांनी सोसले त्यांना अकर्तृक भाषा हे वरदानच वाटले असेल. मान्य. परंतु शासननिर्णयाच्या तळाशी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे शब्द असतात आणि त्याखाली अधिकाऱ्याची सही असते. धोरण पदाचे असले तरी त्याला नाव आहे. काठी तर धोरण नसते; ती हाताने उचलावी लागते. धोरणाचे व्याकरण हाताच्या कृतीला लावले, येथे गफलत झाली. ‘जबाबदार’ हा शब्द आपल्याला फारसीतून मिळाला, आणि जबाब देणे ज्याच्याकडे लागते तो जबाबदार, असा त्याचा सरळ अर्थ आहे. त्याच्या जागी ‘उत्तरदायी’ आणून आपण शब्द बदलला; जबाब कोण देणार, हे वाक्य होते तसेच राहिले.

परभणीच्या घटनांसाठी शासनाने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती व्ही. एल. आचलिया यांच्या आयोगाच्या अहवालाचे वाचन या दृष्टीने व्हावे. १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाप्रमाणे असा अहवाल शासनाने केलेल्या कारवाईच्या ज्ञापनासह सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींविषयी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी १९९८ साली दिलेल्या अहवालात ३१ पोलिसांवर ठपका होता. त्यासोबतच्या ज्ञापनात शासनाने आयोगाचे मुख्य निष्कर्ष नाकारले. आयोगाने कर्ता लिहिला, शासनाने खोडला. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांतील क्रियापदे मोजण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी घ्यावे. परभणीचा अहवाल पटलावर येईल तेव्हा तिसरा कागद त्याच्या हाती असेल.