मेल्यावर कोणाला हाक मारावी?

"आजी, जरा थांब, मी मेलोय. मढ्यापाशी पोहोचतो आणि जेवायला येतो." गेल्या मे महिन्यात सुटीवर आलेल्या आमच्या भाच्याचे हे शब्द आतल्या खोलीतून ऐकू आले, तेव्हा आमच्या मातोश्रींनी हातातली पळी खाली ठेवून क्रूसाची खूण केली. पाच मिनिटांनी मेलेला नातू पानावर येऊन बसला आणि त्याने दोनदा आमटी मागून घेतली.

हसून विसरावा असाच हा प्रसंग. पण जेवण झाल्यावर आम्ही त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसलो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा खेळ तो खेळत होता. त्याचे पात्र पुन्हा एकदा मेले, पडद्यावरचे सारे जग राखाडी झाले आणि एक आत्मा दफनभूमीतून निघून दूर टेकडीआड पडलेल्या स्वतःच्याच प्रेताकडे धावू लागला. तेथे पोहोचताच एक कळ दाबली आणि तो उठून उभा राहिला. चिलखताची थोडी झीज, हा काय तो भुर्दंड.

अशा खेळांविषयी आपल्या घरांत चर्चा होते ती अभ्यासाच्या नासाडीची आणि वाढत्या चष्म्याच्या नंबराची. ती काळजी खोटी नाही. परंतु कादंबरीचे परीक्षण करताना वाचकाचे डोळे किती बिघडले हे आपण पाहत नाही. कादंबरीत माणसाचे काय केले आहे हे पाहतो. आम्हांला येथे तेच पाहावयाचे आहे. इंटरनेटवरील या भूमिका-खेळांनी मरणाचे काय केले आहे?

प्रश्न रचनाकारांपुढे खरोखरच अवघड होता. नाटकातले पात्र मेले की नट विंगेत जातो. येथे हजारो माणसे एकाच कल्पित जगात वावरतात, प्रत्येकाने आपले पात्र महिनोन्महिने जोपासलेले असते, आणि ते पात्र मेले तरी माणूस खुर्चीतच बसलेला असतो. त्याचे पुढे काय करायचे? या परंपरेचा आरंभ मानला जाणारा 'मड' हा केवळ शब्दांचा खेळ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेला. त्यात लढाईत मेलेले पात्र कायमचे पुसले जाई. उत्तर साधे होते, पण कठोर होते.

१९९७ साली आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळाने अधिक विचारपूर्वक उत्तर दिले. तेथे मेलेला खेळाडू भूत होऊन त्याच जगात हिंडत राही. तो बोलू शके, पण त्याचे बोलणे जिवंतांच्या पडद्यावर 'ऊऽऊऽ' अशा निरर्थक अक्षरांत उमटे. आत्म्यांची भाषा समजण्याची विद्या ज्याने कष्टाने मिळविली असेल, त्यालाच ते शब्द कळत. उठायचे तर एखाद्या देवस्थानापर्यंत जावे, भटका वैद्य गाठावा, नाहीतर मंत्र जाणणारा किंवा मलमपट्टीत पारंगत झालेला दुसरा खेळाडू भेटावा. तोवर मागे पडलेल्या प्रेतावरचा माल लुटारूंनी लांबविलेला असे. लूट हा या खेळाचा ओंगळ भाग होता, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण मृताला बोलता येते आणि ऐकणाऱ्याला ते ऐकण्यासाठी आधी शिकावे लागते, ही कल्पना एखाद्या चांगल्या कवीला सुचावी अशी आहे.

मार्च १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला. सुरुवातीच्या वर्षांतील त्याचा मरणाचा दंड आजही जुने खेळाडू अंगावर काटा आल्यासारखा सांगतात. पात्र मेले की मिळविलेल्या अनुभवाचा काही भाग वजा होई. चढलेली पातळीसुद्धा खाली येऊ शके. खेळाडू दूरच्या ठिकाणी जवळजवळ उघडा जागा होई, कारण तलवार, चिलखत, पैसा सारे प्रेतावरच राहिलेले असे. ते प्रेत ठरावीक मुदतीत गाठले नाही, तर कुजून नाहीसे होई, आणि सोबत सारी मिळकतही. ज्या श्वापदांनी मारले ती तर तेथेच दबा धरून बसलेली. 'प्लेन ऑफ फिअर' नावाच्या एका जागी पाऊल टाकताच अख्खी पलटण मरे आणि प्रेते परत मिळविण्यात रात्र संपे.

दंडाची ही क्रूरता आम्ही मुद्दाम तपशिलाने सांगितली, कारण तिच्या पोटात एक वेगळीच गोष्ट दडली होती. त्या खेळात दुसऱ्याच्या प्रेताला हात लावता येत नसे. पण मृताने नाव घेऊन परवानगी दिली, तर तो मित्र ते प्रेत धोक्याच्या जागेतून ओढून बाहेर आणू शके. वाचकहो, याला आपल्याकडे खांदा देणे म्हणतात. प्रेत दूरवरून आपल्यापाशी बोलावून घेण्याची विद्या नेक्रोमॅन्सर जमातीच्या खेळाडूंकडे होती; आणि धर्मगुरूची भूमिका घेतलेला, 'क्लेरिक' म्हटला जाणारा खेळाडू मृताला उठवून गमावलेल्या अनुभवाचा मोठा हिस्सा परत देई. वरच्या पातळीवरच्या एका मंत्राने तर ९६ टक्के परत मिळे. मध्यरात्री कोणी तरी 'क्लेरिक आहे का?' म्हणून साद घाली आणि ओळखदेख नसलेला माणूस अर्धे जग तुडवून येई. काही जण त्याचे पैसे घेत, काही घेत नसत. कोण कसा हे सर्वांना ठाऊक असे. आमच्या लहानपणी चर्चची मृत्युघंटा वाजली की वाडीतील माणसे हातचे काम टाकून निघत, आणि कोण आला नाही हेही वाडीला ठाऊक असे. हे त्याहून फार निराळे नव्हते.

नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्याने ही सारी व्यवस्था मवाळ केली. अनुभव वजा होणे बंद झाले, वस्तू अंगावरच राहू लागल्या. नेहमीच्या मरणाला चिलखताची दहा टक्के झीज. प्रेतापर्यंत धावण्याचा कंटाळा असेल, तर दफनभूमीतील देवदूतासारखी दिसणारी एक आकृती जागेवरच उठवते. मात्र झीज पंचवीस टक्के आणि काही मिनिटांची अशक्तता. उठविणारे धर्मगुरू येथेही आहेत, पण त्यांच्यावाचून कोणाचे अडत नाही. खेळ अफाट लोकप्रिय झाला, यात नवल नाही.

आमचा आक्षेप दंड हलका झाला याला नाही. भाच्याचे वडील पाळीवर काम करतात. त्यांना रात्री एखादा तास मोकळा मिळतो. एका चुकीपायी तीन रात्रींची कमाई बुडविणारा खेळ त्यांनी का खेळावा? जुना दंड मोकळ्या वेळेच्या श्रीमंतांनाच परवडत होता, आणि त्याच्या आठवणीने गहिवरणारे बहुधा तेव्हा विद्यार्थी होते. आमचा आक्षेप वेगळा आहे. दंड हलका करताना मृताला दुसऱ्या माणसाकडे नेणारी वाटही बुजविली गेली. तो राखाडी आत्मा एकटाच धावतो. जिवंतांना तो दिसत नाही, आणि त्यालाही कोणाची गरज नाही. मरणाची किंमत कमी करूनही ती वाट राखता आली असती, असे आमचे मत आहे. अल्टिमातील भुताची भाषा ऐकणाऱ्याला शिकावी लागे, त्यासाठी मृताची मिळकत जप्त होण्याचे काही कारण नव्हते.

उलट्या बाजूनेही प्रयोग झाले. २००० सालच्या 'डायब्लो २' मध्ये एकच जीव असलेला 'हार्डकोर' प्रकार होता. वॉरक्राफ्टच्या जुन्या आवृत्तीचे चाहतेही मेलेले पात्र पुन्हा उठवायचे नाही, असा नेम स्वतःहून पाळू लागले. शेवटी कंपनीनेच ऑगस्ट २०२३ मध्ये तसे अधिकृत सर्व्हर उघडले. पुढे सर्व्हरवर हल्ले होऊन, स्वतःचा काही दोष नसता अनेकांची पात्रे मेली, तेव्हा मार्च २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की अशा हल्ल्यांत मेलेल्यांना ती उठवू शकते. लगेच वाद पेटला. प्रसिद्ध खेळाडूंच्या गटाला हा न्याय, मग घरची वीज गेल्याने मेलेल्याला का नाही? एकदा मरण अटळ ठरविले की अन्याय्य मरण म्हणजे काय, हा प्रश्न उभा राहतोच. तो कंपनीच्या कचेरीत सुटेल, अशी आमची अपेक्षा नाही.

येथे एका शब्दाविषयी बोलणे भाग आहे. या खेळांत उठविण्याला सर्रास 'रेझरेक्शन' म्हणतात, आणि ते ऐकून आपल्यातील काही पालक दुखावतात. आम्हांला त्यात देवनिंदा दिसत नाही, ढिलाई दिसते. ईस्टरला आपण जे साजरे करतो ते पुनरुत्थान. खेळातले उठणे फार तर लाझरसाच्या जातीचे. तो उठला, पण पुढे केव्हा तरी पुन्हा मरण्यासाठीच. मात्र संत योहानच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग पुन्हा वाचला तर ध्यानात येते की लाझरस कबरेबाहेर आल्यावर त्याच्या हातापायांच्या पट्ट्या सोडण्याचे काम प्रभूने भोवती उभ्या असलेल्या माणसांकडे दिले. त्याच्या पट्ट्या त्यानेच सोडाव्यात, असे ठेवले नाही.

मॅट्स स्टीन हा नॉर्वेचा तरुण. ड्यूशेन नावाच्या स्नायूंच्या असाध्य आजाराने त्याचे शरीर हळूहळू निकामी होत गेले आणि १८ नोव्हेंबर २०१४ रोजी, पंचविसाव्या वर्षी तो वारला. आपला मुलगा एकाकी गेला, असेच आईवडिलांना वाटत होते. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची वार्ता लिहिली आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. वॉरक्राफ्टमध्ये तो 'इबेलिन' नावाने वावरे. 'स्टारलाइट' या गटातील कित्येकांचा तो विश्वासू मित्र होता. कोणाला त्याने मुलाशी तुटलेले बोलणे पुन्हा जुळविण्याची वाट दाखविली होती, कोणाचे दुःख रात्र रात्र ऐकले होते. त्याच्या अंत्यविधीला त्यांतील काही जण वेगवेगळ्या देशांतून आले. तो गट आजही दरवर्षी खेळात त्याच्या स्मरणार्थ जमतो. बेंजामिन री यांनी त्याच्यावर काढलेला माहितीपट २०२४ साली आला. गटाने जपून ठेवलेल्या संभाषणांवरून त्यात त्याचे खेळातील आयुष्य चित्रांकित केले आहे.

ज्या खेळाने मृताला एकट्याने धावायला लावले, असे आम्ही वर म्हटले, त्याच खेळात हे घडले. आमच्या विवेचनाला हा मोठा अपवाद आहे आणि तो आम्ही झाकून ठेवीत नाही. इबेलिन त्या जगात कितीदा मेला असेल आणि दफनभूमीतून धावत परतला असेल! त्यासाठी त्याला कोणाची गरज पडली नसेल. खांदा देणारे आले ते नियमाने बोलावले म्हणून नव्हे. तरीही आम्ही रचनाकारांना दोषमुक्त करीत नाही. माणसे चांगली निघाली, याचे श्रेय नियमाला देता येत नाही.

परीक्षणाच्या शेवटी शिफारस करण्याचा रिवाज आहे, म्हणून सांगतो: हा माहितीपट पालकांनी मुलांबरोबर बसून पाहावा. आम्ही तो भाच्याबरोबर नाताळच्या सुटीत पाहणार आहोत. मातोश्रींनीही यायचे कबूल केले आहे. मध्यंतरी आम्ही त्याला फोनवर विचारले, "तू मेलास की तुला कोणी उठवतं का रे?" तो म्हणाला, "मामा, ग्रुपमध्ये असलो तर उठवतात. पण मी पटकन धावत जातो ना, त्यांना कशाला थांबवायचं?"