वास कोणाचा आणि नाक कोणाचे?

विषय वाचून काही वाचक नाक मुरडतील. त्यांना आमची विनंती आहे की, मुरडण्याआधी त्यांनी ते नाक थोडे तपासून पाहावे. कारण या लेखात खरी परीक्षा नाकाचीच आहे.

काही पदार्थ खाल्ले की लघवीचा वास बदलतो. लसणीची झणझणीत चटणी किंवा मेथीचे लाडू खाल्ल्यावर हा अनुभव अनेकांना येतो. पाठ्यपुस्तकातल्या उत्सर्जनाच्या धड्यात मूत्रपिंड असते, नेफ्रॉनची आकृती असते, युरिया असतो. वासाचा उल्लेख मात्र नसतो. मुले तो प्रश्न विचारतात, पण तास संपल्यावर आणि हळू आवाजात. मग शिक्षक लोकप्रिय विज्ञानाची पुस्तके चाळतात आणि तेथे त्यांना एक तयार उत्तर मिळते: ‘अ‍ॅस्परॅगस ही भाजी खाल्ल्यावर सुमारे ४० टक्के लोकांच्या लघवीला विशिष्ट वास येतो आणि हा गुण आनुवंशिक आहे.’ दुसऱ्या पुस्तकात हेच वाक्य जरा वेगळे भेटते: ‘सुमारे ४० टक्के लोकांनाच हा वास कळतो.’ आकडा तोच. पण ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले लघवीबद्दल आहे, दुसरे नाकाबद्दल. हा घोटाळा कसा झाला, हे आपण पाहू.

आधी भाजीची ओळख करून घेऊ. युरोप-अमेरिकेत वसंत ऋतूत या भाजीचे कोवळे कोंब आवडीने खातात. आपली औषधी शतावरी याच प्रजातीतली, पण जात वेगळी. म्हणून भाषांतर करताना ‘अ‍ॅस्परॅगस’च्या जागी सरळ ‘शतावरी’ लिहिणे चुकीचे आहे. या लेखातले सारे प्रयोग त्या भाजीवरचे आहेत, आपल्या शतावरीवरचे नाहीत.

वासाची नोंद जुनी आहे. स्कॉटिश वैद्य जॉन आर्बथनॉट यांनी १७३१ साली अन्नपदार्थांवरच्या आपल्या ग्रंथात ती केली. १७८१ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी ब्रुसेल्सच्या अकादमीची थट्टा करणाऱ्या एका पत्रातही तिचा उल्लेख केला. १८९१ मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञ मार्सेली नेन्की यांनी या वासाचे श्रेय मीथेनथायॉल या गंधकयुक्त संयुगाला दिले. आपल्या घरच्या गॅस सिलिंडरला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या एथिल मरकॅप्टनचा. मीथेनथायॉल हे त्याचेच धाकटे भावंड.

हे संयुग येते कोठून? या भाजीत अ‍ॅस्परॅगसिक आम्ल असते. त्याच्या रेणूत पाच अणूंचे एक कडे असून त्यांपैकी दोन अणू गंधकाचे असतात. हे आम्ल सहज उडून जाणारे नाही, म्हणून ताटातल्या भाजीला तो वास येत नाही. शरीरात त्याचे विघटन होऊन गंधकाचे लहान, बाष्पनशील रेणू तयार होतात आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. १९८७ साली वायू-वर्णलेखन तंत्राने अशी अनेक संयुगे लघवीत दाखवून देण्यात आली.

येथपर्यंत रसायनशास्त्राची वाट सरळ आहे. गोंधळ सुरू होतो तो माणसे मोजायला लागल्यावर.

१९५६ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात ए. सी. अ‍ॅलिसन आणि के. जी. मॅकव्हर्टर यांचा एक छोटा लेख आला. दात्रपेशी रक्तदोष आणि मलेरिया यांचा संबंध दाखवणारे अ‍ॅलिसन ते हेच. म्हणजे लेखक नवखे नव्हते. त्यांनी ११५ जणांची पाहणी केली. ४६ जणांच्या लघवीत अ‍ॅस्परॅगसचा परिणाम आढळला, ६९ जणांच्या आढळला नाही. त्यावरून त्यांनी माणसांचे ‘उत्सर्जन करणारे’ आणि ‘न करणारे’ असे दोन गट पाडले आणि हा फरक एका प्रभावी जनुकामुळे पडतो, असा निष्कर्ष काढला. ११५ पैकी ४६ म्हणजे ४० टक्के. आपल्या आकड्याचे जन्मस्थान हे. पुढे १९८७ साली ब्रिटनमधील ८०० जणांच्या पाहणीत हे प्रमाण ४३ टक्के आले. त्यामुळे आकडा पक्का झाल्यासारखे वाटले.

आमचा आक्षेप या लेखाच्या मांडणीवर आहे. त्याने फरकाचे सारे ओझे लघवी तयार करणाऱ्या देहावर टाकले. वास घेणाऱ्या नाकाचा हिशेबच मांडला नाही. वास ही एकट्या पदार्थाची मालमत्ता नव्हे. रेणू हवेत उडायला हवा आणि तो ओळखणारा ग्राही नाकात असायलाही हवा. दोहोंपैकी एक नसेल तर ‘वास नाही’ हेच उत्तर येणार.

हे फळ्यावर मांडून पाहावे. एका बाजूला लिहा: ‘वास तयार होतो’ आणि ‘होत नाही’. दुसऱ्या बाजूला: ‘वास कळतो’ आणि ‘कळत नाही’. चार घरे होतील. आता चारही घरांतल्या माणसांना विचारा, ‘तुमच्या लघवीला वास येतो का?’ ‘हो’ म्हणणारा माणूस एकाच घरातला असेल. उरलेल्या तिन्ही घरांतली माणसे ‘नाही’ म्हणतील, पण तिघांची कारणे तीन असतील. त्या सगळ्यांना ‘उत्सर्जन न करणारे’ म्हणणे हा तर्कदोष आहे.

या कोड्याची एक बाजू १९८० साली लिसन, ब्लोंडहाइम आणि मेलमेड या तिघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उलगडली. त्यांची युक्ती साधी होती: माणसाला फक्त स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्याही लघवीचा वास घ्यायला लावायचा. ज्यांना स्वतःच्या लघवीचा वास कळत होता, त्यांना अ‍ॅस्परॅगस खाल्लेल्या कोणाच्याही लघवीचा वास कळला. ज्यांना स्वतःला काही जाणवत नव्हते त्यांच्या लघवीचासुद्धा! म्हणजे वास होता, नाकांत फरक होता. नमुने पातळ करत नेल्यावर ३०७ जणांपैकी १० टक्क्यांनाच फार विरल नमुन्यातला वास ओळखता आला.

मग सगळा फरक नाकाचाच म्हणायचा का? तशी घाई करू नये. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील अभ्यासात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या गेल्या. दोन नमुने पुढे ठेवायचे आणि अ‍ॅस्परॅगसचा कोणता ते सांगायला लावायचे, ‘माहीत नाही’ ही सवलत नाही, अशी ही पद्धत होती. वास तयार न होणारे सुमारे ८ टक्के आणि वास न कळणारे सुमारे ६ टक्के निघाले. फरक देहातही आहे आणि नाकातही; पण दोन्ही ४० टक्क्यांच्या पाहणीवरून वाटतात त्यापेक्षा कितीतरी लहान. संख्येने हा अभ्यास छोटा होता, हेही सांगायला हवे. तरी आमच्या मते या साऱ्या मालिकेत प्रश्न नीट विचारलेला अभ्यास हाच.

डिसेंबर २०१६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात सर्वांत मोठी पाहणी आली. हा अंक खेळकर विषयांसाठी प्रसिद्ध आहे, पण काम गंभीर होते. युरोपीय वंशाच्या ६,९०९ अमेरिकन स्त्री-पुरुषांना विचारले होते की, अ‍ॅस्परॅगस खाल्ल्यावर लघवीला तीव्र, विशिष्ट वास येतो हे त्यांना मान्य आहे का. ‘पूर्णपणे मान्य’ म्हणणारे तेवढे वास कळणारे मानले; बाकीचे ४,१६१ जण, म्हणजे ६० टक्के, वास न कळणारे. त्यांच्या जनुकीय माहितीशी ताडून पाहता पहिल्या गुणसूत्रावरील गंधग्राहींच्या जनुकांपाशी ८७१ ठिकाणचे फरक या गुणाशी निगडित आढळले. नाकाची बाजू भक्कम करणारा हा पुरावा आहे.

तरीही आमची तक्रार उरतेच. प्रश्न पुन्हा स्वतःच्याच लघवीबद्दल होता, म्हणजे चार घरांपैकी तीन पुन्हा एकत्र झाली. ‘बहुधा येतो’ असे म्हणणाराही वास न कळणाऱ्यांत गेला. आणि वास कळणारे राहिले पुन्हा ४० टक्के! १९५६ चे ४० टक्के ‘वास तयार करणारे’ होते, २०१६ चे ४० टक्के ‘वास कळणारे’. आकडे जुळले हा योगायोग आहे, पण लोकप्रिय लेखनाने त्यांना एकाच पोत्यात भरले. शिवाय हे आकडे ब्रिटिशांचे आणि युरोपीय वंशाच्या अमेरिकनांचे आहेत. ‘जगातील ४० टक्के माणसे’ असे म्हणण्याचा परवाना त्यांतून मिळत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गमतीच्या विषयावर इतका खल कशाला? त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे.

मेथीच्या दाण्यात सोटोलोन नावाचे संयुग असते. ते फार थोडे असले तरी नाकाला कळते आणि लघवीतून, घामातून बाहेर पडते. त्याचा गोडसर वास मेपल सिरपसारखा, म्हणजे उत्तर अमेरिकेत मेपल झाडाचा रस आटवून काकवीसारखा पाक करतात त्यासारखा असतो. आता दुसरी बाजू. १९५४ साली मेंकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या घरातली चार अर्भके जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत दगावली होती आणि त्यांच्या लघवीला याच पाकासारखा वास होता. या विकाराला ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ असे नाव पडले. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन या अमिनो आम्लांच्या विघटनाला लागणारे विकर जन्मतःच नीट काम करत नाही. बाळ जन्मतः चांगले दिसते. मग काही दिवसांत दूध ओढेनासे होते, गुंगीत जाते, झटके येतात. वेळीच ओळखून आहार बदलला तर बाळ वाचू शकते. आणि या रुग्णांच्या लघवीला येणारा वासही सोटोलोनचाच, असे १९९९ साली दाखवण्यात आले.

मेथीत आणि या विकारात वासाचा रेणू एकच! त्याच वर्षी तीन जर्मन संशोधकांनी एका पाच आठवड्यांच्या इजिप्शियन बाळाची हकिगत लिहिली. त्याच्या लघवीच्या वासावरून डॉक्टरांना या विकाराची शंका आली, पण तपासणीत अमिनो आम्ले ठीक निघाली. पोटातल्या वायूसाठी आईवडील त्याला मेथीचा काढा देत होते. २००१ साली अशीच आणखी एक नोंद झाली. त्या वेळी मेथी बाळाने नव्हे, प्रसूतीपूर्वी आईने खाल्ली होती.

आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देतात. म्हणून ही चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. निरोगी बाळाच्या वासाने घर घाबरेल. किंवा, आणि हे अधिक वाईट, आजारी बाळाच्या वासाला कोणी ‘मेथीचाच असेल’ म्हणून सोडून देईल. बाळ दूध पीत नसेल, मलूल असेल, तर नाकावर निकाल सोपवू नये. आईने काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. नाक शंका विचारू शकते. उत्तर तपासणीने द्यायचे.

वर्गात हा विषय घेताना कोणत्याही मुलाला त्याच्या लघवीबद्दल विचारू नये. त्याऐवजी मेथीच घ्यावी. चमचाभर दाणे पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवून पाणी गाळून घ्यावे. एक भाग त्या पाण्यात नऊ भाग साधे पाणी मिसळून दहापट विरल द्रावण करावे; त्याचे पुन्हा दहापट, असे तीन-चार टप्पे करावेत. दोन सारखे पेले घ्यावेत, एकात द्रावण, दुसऱ्यात नुसते पाणी. मुलाने डोळे मिटून मेथीचा पेला ओळखायचा, प्रत्येक टप्प्याला पाच वेळा. उत्तर टाळायचे नाही. सर्दी झालेल्यांनी त्या दिवशी नोंदी ठेवाव्यात.

एक सावधगिरी बाळगावी. नुसत्या अंदाजाने पाचही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ३२ मध्ये १ आहे. ४० मुलांच्या वर्गात एखादे मूल केवळ नशिबाने पाचपैकी पाच सांगून जाईल. म्हणून अशा मुलाला पुन्हा एकदा बसवावे. मग प्रत्येक टप्प्याला किती मुलांना वास कळला याचा आलेख काढावा आणि विचारावे, ‘आपल्या वर्गात वास कळणारे किती टक्के?’ कोणत्या टप्प्याबद्दल विचारता, असा उलट प्रश्न एखाद्या मुलाने केला, तर प्रयोग सफल झाला असे समजावे. १९५६ पासून छापल्या गेलेल्या त्या ४० टक्क्यांना विचारायचा प्रश्न हाच होता.