लोहभस्माची परीक्षा : लोह किती आणि लोह कोणते ?

पांडुरोगावर लोह देण्याची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे; लोहभस्म व मंडूरभस्म आजही प्रचारात आहेत. अलीकडे या भस्मांच्या रासायनिक परीक्षणाकडे अभ्यासक वळले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु या परीक्षणात योग्य प्रश्न विचारला जातो काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम रसशास्त्राच्या कसोट्या घेऊ. बोटांच्या रेषांत शिरणारे भस्म ते रेखापूर्ण, आणि स्थिर पाण्यावर तरंगणारे ते वारितर. लोहाचे ऑक्साइड पाण्याच्या सुमारे पाचपट जड असते. ते तरंगते ते कणांच्या सूक्ष्मतेमुळे व पृष्ठताणामुळे. चांदीसह तापविल्यावर चांदीचे वजन वाढले नाही तर भस्म निरुत्थ, आणि मित्रपंचकासह तापवूनही धातू परत न आल्यास अपुनर्भव. सूक्ष्मता आणि मुक्त धातूचा अभाव या दोन गोष्टी सूक्ष्मदर्शकावाचून ठरविणाऱ्या या कसोट्यांची थोरवी मान्य केलीच पाहिजे. मात्र लोह फेरस की फेरिक, आणि ते जठरात विरघळेल काय, हे त्या सांगत नाहीत.

खेदाची गोष्ट ही की, आधुनिक परीक्षणही पुष्कळदा तेथेच थांबते. क्ष-किरण विवर्तनाने हेमटाइट व मॅग्नेटाइट यांची ओळख पटते. तप्त, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना विरघळवून डायक्रोमेट अनुमापनाने एकूण लोह काढले जाते. आणि भस्म लोहसमृद्ध असल्याचा निष्कर्ष निघतो. शुद्ध हेमटाइटमध्ये ६९.९ टक्के लोह असते, तर स्फटिकरूप फेरस सल्फेटमध्ये अवघे २०.१ टक्के. या मापाने हेमटाइट साडेतीनपट श्रेष्ठ ठरेल. तरीही शोषणाची तुलना करावयाची ती फेरस सल्फेटशीच, असा प्रघात आहे. आणि त्याला कारण आहे. आतड्याच्या पेशींतील वाहक प्रथिन फेरस लोहच आत घेते. फेरिक लोहाला आधी विरघळावे लागते व मग त्याचे क्षपण व्हावे लागते. स्फटिकरूप फेरिक ऑक्साइड सौम्य आम्लात फार मंद विरघळते. प्रयोगशाळेतील उकळते आम्ल म्हणजे जठरातील ३७ अंशांचे आम्ल नव्हे.

यावरून भस्म निरुपयोगी ठरविणे हीही घाईच होईल. कण सूक्ष्म असल्यास विरघळण्याचा वेग वाढतो. मॅग्नेटाइटमध्ये काही लोह फेरस असते. आणि भस्म अनुपानासह दिले जाते. अनुपानातील ॲस्कॉर्बिक आम्ल शोषणास साह्य करते, तर कषायद्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. म्हणून अनुपान वगळून केलेले परीक्षण अपुरेच होय.

तेव्हा प्रत्येक नमुन्याविषयी तीन आकडे द्यावेत : एकूण लोह, त्यातील फेरस व फेरिक यांचे प्रमाण, आणि सुमारे १.२ पीएचच्या आम्लात, ३७ अंशांवर, दोन तासांत अनुपानासह व अनुपानाविना विरघळलेले लोह. नवी मुंबईत नेरूळला आयुर्वेदाचे अध्यापन चालते आणि ठाणे-बेलापूर मार्गालगत औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. दोन्ही विद्यांचा मेळ घालण्यास याहून सोयीचे स्थळ कोणते ?

हा केवळ पद्धतीचा वाद नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सरकारी योजनेतील प्रौढांच्या गोळीची मात्रा ६० मिलिग्रॅम मूलद्रव्यरूप लोह अशी सांगितली जाते, ती क्षाराच्या वजनाने नव्हे. भस्माच्या मात्रेलाही असाच नेमका अर्थ मिळेपर्यंत, शोधनिबंधातील ‘लोहसमृद्ध’ या शब्दाने त्या स्त्रीच्या रक्तात काही भर पडेल असे मानण्यास आधार नाही.