आधी पेलाभर पाणी, मग इंजिन

रीलवर ती गाडी तुम्ही पाहिली असणारच. पांढरी-काळी, चौकोनी, बॉनेटमधून वर येणारे दिवे, दारावर जपानी अक्षरं. वळणावर ती आडवी होते आणि मागे युरोबीट सुरू होतं. ती अक्षरं म्हणजे टोफूच्या दुकानाची पाटी आहे, हे मला फार उशिरा कळलं. ‘फुजिवारा टोफू दुकान’, आणि कंसात ‘खासगी वापरासाठी’. म्हणजे जगभरच्या पोरांनी ज्या गाडीचे स्टिकर लॅपटॉपवर लावले, ती मुळात दुकानाचा माल पोचवणारी गाडी.

शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही मांगा मालिका १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं ‘यंग मॅगझिन’मध्ये चालली. तिचे ४८ खंड झाले, १९९८ मध्ये अ‍ॅनिमे आला. गोष्ट साधी आहे. ताकुमी फुजिवारा हा शाळकरी मुलगा रोज पहाटे बापाच्या दुकानातला टोफू घाट चढून वरच्या हॉटेलात पोचवतो. तेराव्या वर्षापासून, अर्थातच लायसन्सशिवाय. येताना रिकामी गाडी जमेल तितक्या लवकर खाली आणतो, कारण त्याला झोप पुरी करायची असते. ती गाडी म्हणजे टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो, एई८६. जपानी चाहते तिला ‘हाचिरोकू’ म्हणतात, म्हणजे आठ-सहा. १५८७ सीसी, १३० अश्वशक्ती, वजन साधारण ९४० किलो. १९८७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं होतं. आणि ही अशी गाडी स्कायलाइन जीटी-आर, आरएक्स-७, लॅन्सर इव्हो यांना उतारावर हरवते.

या मालिकेबद्दल जे बोललं जातं त्यातलं बहुतेक एका वाक्यात मावतं : गाडी नाही, चालवणारा जिंकतो. यूट्यूबवर अशा ‘मोटिव्हेशनल’ व्हिडिओंचा खच पडलाय. मला हे वाचन आळशी वाटतं. चालवणाराच सगळं असता, तर शिगेनो यांनी निम्मी पानं सस्पेन्शन, टायर आणि इंजिनावर का खर्च केली असती?

नाकाझातोच्या जीटी-आरशी झालेली शर्यत आठवा. ती गाडी २६०० सीसीच्या जवळपास, दोन टर्बो, कागदोपत्री २८० अश्वशक्ती आणि वजन १४३० किलो. सपाट रस्त्यावर हाचिरोकू तिच्या आसपासही टिकणार नाही. पण उतारावर वेग मिळवायला इंजिनाची गरज कमी पडते, गुरुत्वाकर्षण ते काम फुकट करतं. अवघड असतं ते थांबणं आणि वळणं. इथे ते जास्तीचे पाचशे किलो प्रत्येक वळणाला ब्रेक आणि पुढच्या टायरांकडून व्याज वसूल करतात. टायर तापतात, पकड सुटत जाते आणि जड नाकाची गाडी वळणाबाहेर सरकायला लागते. हा काही चमत्कार नाही. शिगेनो यांनी जुन्या गाडीसाठी नेमकी तीच जागा निवडलीय, जिथे तिची कमतरता कमीत कमी नडते. ताकुमी जिंकतो तो त्या एका घाटावर, ज्याचा प्रत्येक खड्डा आणि गटार त्याला पाच वर्षं पाठ आहे. मालिका हे लपवत नाही. आपणच पाहत नाही.

मला जास्त रस आहे तो बापात. बुन्ता डोळे अर्धे मिटून सिगरेट ओढत बसतो, बोलत जवळपास नाहीच. पण गाडीत काय बदलायचं आणि कधी, हे पूर्ण तो ठरवतो. सुरुवातीला तो पोराला काहीच देत नाही. फक्त कपहोल्डरमध्ये पाण्याने भरलेला कागदी पेला ठेवतो. सांडायचं नाही, नाहीतर टोफू मोडेल. त्या पेल्याने ताकुमीला ब्रेक मारताना, स्टीअरिंग वळवताना वजन कुठून कुठे जातं ते शिकवलं. त्याला त्यातला एकही तांत्रिक शब्द माहीत नसताना.

इंजिन बदलतं ते फार उशिरा. क्योइची सुदोच्या इव्होमागे धावताना जुनं इंजिन फुटतं, ताकुमी पहिल्यांदा हरतो. बुन्ताला हे होणार हे आधीच माहीत असतं. मग तो गाडीत शर्यतीचं इंजिन बसवतो, ११,००० आरपीएमपर्यंत फिरणारं. आता सगळं सोपं व्हायला हवं, पण उलटंच होतं. गाडी ताकुमीला बसत नाही. जुना टॅकोमीटर नव्या इंजिनाची खरी ताकद दाखवूच शकत नाही, त्यामुळे त्याला ती वापरताही येत नाही. बाप गप्प बसून पाहतो, पोराला स्वतःहून लक्षात येतंय का ते. मला हा सगळ्या ४८ खंडांतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. पार्ट बसवला म्हणजे गाडी सुधारली असं होत नाही. ती परकी होते, आणि तिच्याशी पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते.

आणि याच बुन्ताने पुढे काय केलं? नवीकोरी सुबारू इम्प्रेझा घेतली. फोर-व्हील ड्राइव्ह, टर्बो, म्हणजे ज्या जातीच्या गाड्यांना पोरगा हरवत आलाय तीच जात. जुन्यावर निष्ठा ठेवणाऱ्या चाहत्यांना हे थोडं खटकतं. मला मात्र मालिका इथे मोठी होते असं वाटतं. दारात दोन गाड्या उभ्या राहतात, एकच टोफू कधी हिच्यातून जातो, कधी तिच्यातून. ताकुमी इम्प्रेझा चालवतो आणि हादरतो. नव्या गाडीत काय काय आपोआप होतं, हे अनुभवल्यावरच हाचिरोकूत स्वतःच्या हातापायांनी काय करावं लागतं ते त्याला दिसतं. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्याला ही समज येणार नाही आणि जुन्याला भंगार म्हणणाऱ्यालाही नाही.

आता दोष. माणसांचे चेहरे शिगेनो यांना कधीच धड जमले नाहीत, गाड्यांच्या मडगार्डवर जेवढं प्रेम आहे तेवढं नायिकेवर नाही. नात्सुकीचं उपकथानक तर आज वाचवत नाही. पण याहून मोठा दोष आहे रिकामा रस्ता. पहाटेच्या त्या घाटात समोरून सहसा कुणी येत नाही. शर्यतीला तर वर-खाली पोरं उभी राहून खबर देतात.

बारा-तेरा वर्षांपूर्वी होस्टेलवर दोन रात्रींत पहिला सीझन संपवून मी आणि एक मित्र त्याच्या वडिलांची झेन घेऊन कुंभार्ली घाटात गेलो होतो. कार्ब्युरेटरवाली जुनी झेन, आठशे किलोच्या आतली, वळणात खरंच खेळकर गाडी. पहाटेचे साडेचार. तिसऱ्या का चौथ्या वळणावर आमची गाडी मधल्या रेषेच्या पलीकडे होती आणि समोरून दुधाचा टेम्पो आला. त्याने डोंगराकडे घेतलं म्हणून मी हे लिहितोय. तो थांबला, उतरला, शिवी दिली नाही. “पोरांनो, माझ्या मागं अजून दोन टेम्पो हायेत,” एवढंच म्हणाला आणि गेला. नंतर पुष्कळ दिवसांनी डोक्यात आलं की त्या घाटातला ताकुमी आम्ही नव्हतो, तो होता. पहाटे माल पोचवणारा.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘एमएफ घोस्ट’ या पुढच्या मालिकेत शिगेनो यांनी हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. रस्ते अधिकृतपणे बंद, वर ड्रोन, घरबसल्या पाहणारे लाखो प्रेक्षक. ताकुमीचा शिष्य कनाता टोयोटाची ८६ चालवतो. टोयोटाने २०१२ मध्ये हाचिरोकूची आठवण ठेवून हे नाव दिलेली गाडी. समोर फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्शे. इथे एक नियम आहे : गाडीच्या वजनाच्या प्रमाणात टायर, म्हणजे जड गाडीला टायरच्या पकडीचा वाढीव फायदा नाही. पूर्वी जे काम उतार आणि वळणं करत होती, तेच आता लेखकाला नियमावलीत लिहून करावं लागतं. कनाताच्या गाडीतही बदल होत जातात, सस्पेन्शन, मग टर्बो, पण ते पुढच्या शर्यतीची गरज म्हणून. गाडी समजली म्हणून झालेला बदल त्यात क्वचितच दिसतो. ‘एमएफ घोस्ट’ बघायला छान आहे, मला मात्र त्यात पेलाभर पाणी सापडलं नाही.

आपल्याकडे तर कायद्यानेच हात बांधलेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे कंपनीच्या मूळ रचनेत मोठे फेरबदल करता येत नाहीत. तरी गल्लोगल्ली पोरं सगळ्यात आधी सायलेन्सर बदलतात. ज्याने गाडी जराही वेगळी चालत नाही, नुसती ओरडते. बुन्ताने ते कदाचित सगळ्यात शेवटी केलं असतं.

त्या मित्राकडे आता नवी टर्बो पेट्रोल गाडी आहे, ऑफिसला तीच जाते. झेन अजून आहे, रविवारी निघते. एस्टीमचं १३०० सीसी इंजिन टाक, अनेकांनी टाकलंय, असं त्याला दहा जणांनी सांगून झालं. त्याने इतक्या वर्षांत चांगले टायर घातले, बुश बदलले आणि गेल्या दिवाळीत शॉकअब्सॉर्बर. पुढे काय, विचारलं तर म्हणाला, “थांब रे, हे शॉकअप अजून नीट कळले नाहीत.”