शेणाचे घर कोणाचे?

लोककथा निरागस असते, असे मानण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. परंतु कथेत मूल्य असते आणि मूल्याला बाजू असते. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली परीकथा छापल्या, तेव्हा प्रत्येक कथेच्या शेवटी बोधपर पद्य जोडले. त्याची सिंड्रेला राखेत बसते खरी. पण ती मुळात प्रतिष्ठित घरातली. राजवाडा तिला मिळतो, जन्मभर राख उपसणाऱ्या मोलकरणीला नाही.

आपली चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते. तो दार ठोठावतो. चिमणी बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, दार मात्र उघडत नाही. सोलापुरात माझ्या वर्गात विडी वळणाऱ्या बायकांची मुले बसतात, बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कामगारांची नातवंडे बसतात. त्यांना मी एवढेच विचारतो : कावळ्याला मेण का मिळाले नाही? मेण उन्हात वितळते, हे सोलापूरकराला सांगायला नको. पण या कथेत ऊन कधी पडतच नाही. ऋतूसुद्धा चिमणीच्या बाजूचा!

कोणी म्हणेल, पोरांच्या गोष्टीत एवढे कशाला शोधायचे? पण पोरे शिकतात ती अशाच गोष्टींतून. एकलव्याची कथा आपल्याकडे गुरुभक्तीचा आदर्श म्हणून सांगितली जाते. विद्या नाकारली ती त्याला, आणि अंगठाही गेला त्याचाच.

याच्या उलट पाली अंब-जातक आहे. एक ब्राह्मण तरुण चांडाळ गुरूकडून बिनमोसमी आंबे आणण्याचा मंत्र शिकतो. राजाने गुरूचे नाव विचारताच तो लाजतो आणि तक्षशिलेच्या आचार्याचे नाव सांगतो. मग मंत्र त्याला आठवत नाही. ही कथा जातिव्यवस्था मोडत नाही. गुरू चांडाळवस्तीतच राहतो. तरीही इथे दंड विद्या घेणाऱ्या खालच्याला नाही, गुरू नाकारणाऱ्या वरच्याला आहे. दुर्गा भागवतांनी जातके मराठीत आणली. ती ग्रंथालयात राहिली, ओसरीवर आली नाहीत.

हे जातक आपल्यालाही सोडत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हते. आमच्यातला शिकलेला माणूस नव्या वसाहतीत घर घेतो आणि ज्या वस्तीने त्याला शिकवले तिचे नाव गिळतो. त्याचाही मंत्र जाईल.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी जुन्या गोष्टी टाकून देऊ नयेत. त्या मुलांसमोर उघड्या कराव्यात आणि दाराबाहेर भिजणाऱ्याच्या बाजूने पुन्हा सांगाव्यात.